अर्नाळ्याच्या पापलेटाबरोबर दिल्लीपर्यंत

दिल्लीला जायचं ठरवलं माझ्या हिराआत्याने. मुंबईच्या बाजारातला दलाल दर मोसमात अर्नाळ्याच्या मासळीचा भाव पाडायचा. त्या मे महिन्यात त्याच्याशी कडाकडा भांडून ती घरी आली, ती विमानाची बातमी घेऊनच. महायुद्ध संपून स्वातंत्र्यही मिळालं होतं. लढाईतली डकोटा विमानं स्वस्तात घेऊन जो तो विमान कंपनी काढत होता. प्रवासी मिळेनात म्हणून अशीच एक नवी कंपनी मिळेल तो माल उचलत होती. दिल्लीच्या एका कंत्राटदाराकडे लग्न होतं आणि त्याला ताजं पापलेट हवं होतं. आमच्या आळीतल्या चार घरांनी आपला सगळा माल आत्याच्या हवाली केला. मासळी नासली तर पुन्हा त्याच दलालाच्या दारात उभं राहावं लागणार होतं. मला हिंदी येत होती, म्हणून मी सोबत.

अर्नाळ्याहून विरारपर्यंत बैलगाडी, पुढे सांताक्रूझपर्यंत आगगाडीचा मालडबा, आणि तिथून हातगाडी. विमानतळावर आधी बर्फात बसवलेल्या पेट्यांचं वजन झालं, मग माझं. आत्याची पाळी आली तशी ती कारकुनावर उखडली.

"मना कशाला तोलतंस? मी काय इकायला हाय?"

"बाई, विमानाला झेपलं पाहिजे ना."

"मंग तुझ्या सायबाला तोल आधी!" साहेब खरोखरच जाडजूड होते. कारकून हसू दाबत वजन न करताच पुढे गेला.

आत खुर्च्या नव्हत्या, कडेने पत्र्याची बाकं होती. विमान उडालं तेव्हा आत्या डोळे मिटून एकवीरेचं नाव घेत होती आणि एक हात पेटीवर होता. थोड्याच वेळात खिडकीतून अर्नाळ्याचा किल्ला दिसला, पाण्यात पडलेल्या बटणाएवढा. मी ओरडलो, "आत्या, आपलं गाव बघ!"

"तू बघ. मी मासली बघतंय."

अहमदाबादेला तेल घ्यायला उतरलो आणि तिथेच अडकलो. दिल्लीत धुळीचं वादळ होतं. विमानतळावर गाठिया आणि चहा फर्मास मिळाला, पण पेट्यांखाली ओघळ लागले होते. टांगा करून आम्ही बर्फवाल्याकडे गेलो. त्याने हौसेने विचारलं, "शरबतासाठी का?" मी हो म्हणणार, इतक्यात आत्या अभिमानाने म्हणाली, "नाय, मासलीसाठी!" त्याने करवत खाली ठेवली; मासळीला तो बर्फ देईना. पुढच्या दोन दुकानांतही तसंच झालं. तिसऱ्या दुकानाबाहेर पडल्यावर मी चिडलो.

"आत्या, गप्प राहता येत नाही?"

"का? मासली काय चोरीची हाय?" ती म्हणाली, पण तिचा चेहरा उतरला होता. विमानतळावर परतल्यावर ती ओल्या पेट्यांपाशी जमिनीवरच बसली.

तेवढ्यात आमचा वैमानिक आला. बंगाली माणूस. त्याने एक झाकण उचललं, पापलेटाकडे पाहिलं आणि त्याचा आवाजच मऊ झाला. "ये तो हम सड़ने नहीं देगा." वादळ ओसरल्याचा निरोप येताच त्याने विमान नेहमीपेक्षा पुष्कळ उंच नेलं. वर इतकी थंडी, की माझे दात वाजायला लागले. आत्याने माझ्या अंगावर रिकामी गोणपाटं टाकली, आणखी दोन स्वतः पांघरली आणि पेट्यांची झाकणं उघडून ठेवली. असा प्रवास कुणाला करायचा असेल तर, मे महिना असला तरी, घोंगडी न्या.

दिल्लीला उतरलो तेव्हा वारा भट्टीसारखा होता. कंत्राटदाराच्या मुनीमाने एकेक पेटी उघडून कल्ले उचलून पाहिले. सगळे लालभडक, म्हणजे मासळी ताजी. त्याने मान डोलावली तशी आत्या मटकन एका पेटीवर बसली आणि मुनीमासमोरच रडली. वैमानिकाला दोन मोठी पापलेटं तिने स्वतः साफ करून दिली.

परतीच्या विमानात माल गच्च भरला होता, म्हणून आम्ही रेल्वेने निघालो. आत्या खिडकीशी बसली ती हललीच नाही. माळ, डोंगर, उंट, विहिरीवरच्या बायका, सगळं बघत राहिली. रतलामच्या पुढे ती एकदम म्हणाली, "येवढा मुलूख मधी व्हता? आनि आपुन तो न बघताच वरून गेलो?"

घरी आल्यावर आळीने मिरवणूक काढायचीच बाकी ठेवली. तो दलाल स्वतः भाव विचारायला आला. आत्याने त्याला चहा पाजला आणि भाव सांगितला नाही. पुढे सरकारने सगळ्या विमान कंपन्या एकत्र करेपर्यंत आमचं पापलेट दिल्लीला उडत होतं. मी नंतर नोकरीपायी कितीदा तरी विमानात बसलो, मऊ खुर्चीत, चहा घेत. आत्या मात्र पुन्हा बसली नाही. हिशेबासाठी दिल्लीला जायची, ती रेल्वेने, खिडकीची जागा धरून. कुणी विचारलं तर सांगायची, "मासलीला घाई हाय. मना नाय."