मधला ट्रान्झिस्टर

रिठदला आमच्या शेजारी तहसिलीतले एक कारकून राहत. बोलताना ते 'मंग पाहा' म्हणून सुरुवात करत आणि समोरच्याने मान हलवल्याशिवाय पुढे जात नसत. सुट्टीच्या दिवशी मात्र सोल्डरिंगची सळई शेगडीत तापवत अंगणात बसत, तेव्हा कोणाशी बोलत नसत.

विहारात बाया मागे बसत आणि त्यांना भाषण कधी ऐकू येत नसे. म्हणून एका बुद्धपौर्णिमेसाठी या कारकुनांनी बॅटरीवर चालणारा ॲम्प्लिफायर स्वतःच बनवायला घेतला. अकोल्याहून मोठा पॉवर ट्रान्झिस्टर आणला, तरी भोंगा नुसता कुजबुजत होता.

"भाड्यानं आणू ना एखादा," मी म्हणालो. "कायले एवढा जीव काढता?"

"मंग पाहा," ते म्हणाले. "मोठा चांगलाच हाये. पण माइकाकडून येते तो करंट लहान, त्याच्यानं हा हालत नाही. मंधात एक मध्यम ताकदीचा पायजे."

तसा ट्रान्झिस्टर अकोल्याशिवाय मिळत नव्हता आणि भाषण त्याच संध्याकाळी होतं. ते घरात गेले, आपला रेडिओ घेऊन आले आणि झाकण उघडून त्यातला तसाच एक ट्रान्झिस्टर त्यांनी सोडवून काढला. हात जराही अडखळला नाही.

संध्याकाळी आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. मागे बसलेल्या माझ्या आईने घरी येऊन सगळं भाषण मला सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून ते बातम्या ऐकायला आमच्या ओट्यावर येऊ लागले. ते दिसले की आई उठून आमच्या रेडिओचा आवाज मोठा करी.