स्प्रिंगच्या पेटीतली घूं

माझा मित्र डॉ. मिलिंद गेल्याची बातमी मला कॉलेजच्या ऑफिसातल्या फोनवर कळली. त्याच्या बायकोचा, सुमनवहिनींचा, आवाज इतका सरळ होता की आधी वाटलं, दाढेच्या तपासणीची तारीख सांगायला फोन केलाय. "भाऊ, हे गेले. दुपारी. तुम्ही या," एवढंच त्या बोलल्या. जळगावहून मिळेल त्या बसनं धुळ्याला निघालो. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, आणि सगळा रस्ता माझ्या डोक्यात एकच शब्द फिरत होता... करंट. पोचल्यावर त्यांच्या ओळखीच्या डॉक्टरांना बाजूला घेऊन मी तेच विचारलं. "छे, छे," ते म्हणाले, "हार्ट. खुर्चीत बसल्या बसल्या. पण तुम्हाला शॉकची शंका का आली?" अंगणात माणसं जमली होती. उत्तर लांबलचक होतं.

पुढे त्याच्या स्मरणार्थ ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात बुद्धवंदना झाली तोवर सगळं शांत आणि नेटकं होतं. मग माईक आला. एका वक्त्यानं मिलिंदला दंतवैद्यकाच्या नभांगणातला तारा करून टाकलं, दुसऱ्यानं संगीताचा निस्सीम उपासक. मिलिंदला सा आणि रे यांतला फरक कळत नव्हता. "दाढ उपटताना पेशंट कुठल्या पट्टीत ओरडतो, तेवढंच माझं संगीत," असं तो स्वतःच सांगायचा. संगीत होतं ते वहिनींचं. चाळीसगावला रेल्वेत असलेल्या मामांकडून त्या हवाईन गिटार शिकल्या होत्या. मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून पोलादी कांडी सरकवत वाजवतात ती. लग्नात ती गिटार आली, पण तिचा आवाज वाढवणारा अँप्लिफायर आला नाही. बाजारातला एक आणून पाहिला. त्यातून येणारं गाणं पत्र्याच्या डब्यात कोंडल्यासारखं वाटायचं. ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं होती ती. घराघरांत टीव्ही येत होते, जुने रेडिओ माळ्यावर जात होते, आणि त्यांतले काचेचे व्हॉल्व्ह कुणीही फुकट देत होतं. मिलिंदनं ठरवलं, अँप्लिफायर आपणच बांधायचा.

बांधला आणि तो वाजलाही. यानं समाधान मानणाऱ्यांतला तो नव्हता. त्याला रिव्हर्ब हवा होता, म्हणजे विहिरीत गायल्यावर सूर जसा रेंगाळतो तसा आवाज. त्यासाठी एका लांबट पत्र्याच्या पेटीत दोन बारीक स्प्रिंगा ताणून बसवतात. एका टोकानं सूर आत जातो, स्प्रिंगा थरथरतात आणि दुसऱ्या टोकाच्या गुंडाळीतून तो थरथरत बाहेर येतो. या स्प्रिंगा त्यानं दात सरळ करायच्या तारेपासून वळल्या. "धुळ्यातल्या निम्म्या पोरींचे दात याच तारेनं सरळ केलेत, मास्तर," तो मला म्हणाला. "स्प्रिंगा काय घेऊन बसलास!" घरातच असलेल्या दवाखान्यामागच्या खोलीत दुपारी त्यानं पहिल्यांदा ती पेटी जोडली. वहिनींनी एक सूर छेडला. तो लांबवर गेला, मग परत आला. आणि त्याच्या मागोमाग आणखी काहीतरी आलं. घूं... वहिनींनी तारांवर तळवा ठेवला. सूर थांबला, घूं थांबली नाही.

पुढचं वर्षभर तो त्या आवाजाच्या मागे होता. आधी व्हॉल्व्ह बदलले. मग शेजारच्या पिठाच्या गिरणीवर संशय घेतला आणि गिरणीवाल्या नानांशी भांडून आला. नाना म्हणाले, "डॉक्टर, गिरणी सोमवारी बंद राहते. सोमवारी ऐकून बघा, मग भांडा." सोमवारी घूं तशीच होती. मिलिंदनं त्यांची माफी मागितली नाही, त्यांची एक दाढ मात्र फुकट काढून दिली. शेवटी तो पेशंट तपासतो तसा तपासायला बसला. रिव्हर्बचं बटण शून्यावर आणलं की घूं जायची, म्हणजे दुखणं रिव्हर्बमध्येच. पेटीतून परत येणारी वायर काढली तरी जायची, म्हणजे पेटीतच. मग त्यानं चालू अँप्लिफायरमध्ये ती पेटी हातात धरून सावकाश फिरवली. फिरवताना घूं वाढत होती, कमी होत होती, पुन्हा वाढत होती. पेटीतली गुंडाळी शेजारच्या ट्रान्सफॉर्मरची चुंबकीय कंपनं ओढून घेत होती. त्याचा डावा हात त्या वेळी पँटच्या खिशात होता. मी कारण विचारलं. "दोन्ही हात आत घातले की करंट एका हातातून शिरतो आणि दुसऱ्यातून निघतो," तो म्हणाला. "वाटेत काय असतं?" माझा हात आपसूक छातीकडे गेला. "बंद केल्यावरसुद्धा यात चारशे व्होल्ट दबा धरून बसलेले असतात. विसरतो तो जातो." त्या दिवसापासून मला ती खोली आवडेनाशी झाली. पेटी उलटी करून दूरच्या कोपऱ्यात बसवल्यावर घूं जवळजवळ गेली. जवळजवळच. कान दिला तर तळाशी असायचीच.

मग जळगावचा तो समारंभ आला. एका मंडळाचा सत्कारसोहळा होता आणि वहिनींचं वादन ठेवलं होतं. मे महिना, झाडाची पानंसुद्धा हलत नव्हती. सत्कारमूर्ती होते, त्यांच्या सत्काराचे मुख्य पाहुणे होते, आणि पाहुण्यांची ओळख करून देणाऱ्याची ओळख करून देणारेही एक गृहस्थ होते. पाहुणे यायचे होते, म्हणून वहिनींचा अँप्लिफायर आधी लावून पाहिला, तर सगळा हॉल घूं करू लागला. घरच्यापेक्षा दसपट. संयोजक वैतागले. मिलिंद पुन्हा बटणं, वायरी तपासू लागला. तेवढ्यात अचानक सगळं गप्प झालं. लाउडस्पीकरवाला, आता सगळं ठीक झालं अशा थाटात, हसत मागून आला. "दखा डॉक्टरसाहेब, बंद व्हयनी ना घूं? आते बठ्ठं ठीक शे!" संयोजकांनी टाळ्या वाजवल्या. मिलिंदचा चेहरा उतरला होता. "काय केलंस?" त्यानं विचारलं. "काही नही, अर्थनी वायर तोडी टाकी."

वहिनी स्टेजवर बसल्या होत्या. उजवा हात तारांवर होता, आणि डाव्या हातानं त्या माईक जवळ ओढणार होत्या. मिलिंद एवढ्या मोठ्यानं ओरडला की मागच्या रांगेतली माणसं उठून उभी राहिली. "सुमन, हात! हात वर घे!" त्यांनी दोन्ही हात वर केले. मिलिंदनं टेस्टर गिटारच्या तारेला लावला. टेस्टरमधला दिवा लाल झाला. आतला ट्रान्सफॉर्मर कुठंतरी गळत होता, आणि गळणारा तो करंट जमिनीत नेणारी एकमेव वाट त्या माणसानं आमची सोय म्हणून तोडली होती. मिलिंदनं वायर पुन्हा जोडली. तरी दिवा लालच. हॉलच्या मागे अर्थिंगचा खड्डा होता, कोळसा-मीठ घातलेला. आमच्याकडच्या उन्हाळ्यात अशा खड्ड्यांना अधूनमधून पाणी पाजावं लागतं. याला कुणी पाजलं नव्हतं, माती भाजून दगड झाली होती, तिच्यात करंट जिरत नव्हता. मिलिंदनं स्टेजमागचा माठ उचलला.

"अहो डॉक्टर, पाहुण्यांचं पाणी आहे ते!"

"पाहुणे पितील दुसरं. हिला दुसरा जीव नाही."

शहरात नळाला आठवड्यातून मोजके दिवस पाणी यायचं. टाय लावलेला दाताचा डॉक्टर पिण्याचं गार पाणी खड्ड्यात ओततोय, हे पाहून लोक खरोखर संतापले. एक आजोबा म्हणाले, "याला ऊन लागलंय." दोन माठ आणि एक बादली गेली, तेव्हा टेस्टरचा दिवा विझला. घूं परत आली होती. वहिनी तिच्यासकट वाजवायला बसल्या. मुख्य पाहुण्यांनी नंतर भाषणात या सुरांमागच्या गंभीर नादाची वाखाणणी केली.

परतताना ते मला गाडीनं घरी सोडायला आले. पिंप्राळ्यात माझ्या घरापाशी मी उतरताना मिलिंद एवढंच म्हणाला, "आपण वर्षभर चुकीच्या गोष्टीला भीत होतो, मास्तर. घूं नव्हे, ती थांबणं वाईट." त्यानं पुढे ती उरलेली घूं काढायचा प्रयत्न कधी केला नाही. अँप्लिफायरच्या आतलं बाकी काही ना काही मात्र रोज दुपारी, दवाखाना बंद असताना, उघडून बसायचा.

परवा मी पुन्हा धुळ्याला गेलो. वहिनींनी चहा केला. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं आणि त्यामागून तोच बारीक आवाज येत होता. मी पाहतोय हे त्यांना दिसलं. "दुपारी चालू ठेवते मी," त्या म्हणाल्या. मग सांगू लागल्या. जळगावहून आल्यावर मिलिंदनं त्यांना एक गोष्ट शिकवली होती. तो आत काम करत असताना घूं ऐकू येते तोवर काळजी करायची नाही. ती थांबली आणि त्यानं हाक दिली नाही, तर आत धावायचं नाही. आधी मेन स्विच खाली ओढायचा, मगच आत यायचं आणि त्याला हात लावायचा. "किती वर्षं माझा एक कान तिकडेच असायचा, भाऊ. भाजी चिरतानासुद्धा." त्यांनी कपातली साय चमच्यानं बाजूला केली. "त्या दिवशी पण होता. घूं चालू होती. मला वाटलं, आहेत आत... चहा घेऊन गेले तेव्हा हात गार होते. किती वेळ तसे बसले होते, कुणाला सांगता येईना. आणि ती आपली चालूच."

हार्टच होतं, लवकर कळूनही काही झालं नसतं, असं काहीतरी पुटपुटलो. ते खरं होतं की नाही, मला माहीत नाही. वहिनींनी मान हलवली आणि गिरणीवाल्या नानांच्या सुनेचं सांगू लागल्या. ती गिटार शिकायला येणार म्हणते.

मधेच लाइट गेली. वरचा पंखा मंद होत थांबला, आतली घूं विझली. वहिनींचं वाक्य अर्धं राहिलं. कप खाली ठेवून त्या उठल्या. माझ्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. दारामागे जाऊन त्यांनी मेन स्विचचा दांडा दोन्ही हातांनी खाली ओढला, आणि मग आतल्या खोलीत गेल्या.