दहावं घर

बुऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यात शालिग्राम देवीवाले कोण, असं विचारलं की कडेवर पोर घेतलेली बाई लगेच बोट दाखवायची, आणि दाखवून झालं की पोराला पदराखाली घ्यायची. बावीस वर्षं हा माणूस पोरांच्या दंडावर नश्तर चालवत होता. देवी टोचणं हीच त्यांची सरकारी नोकरी. उंच, काटक, काळा कोट उन्हानं हिरवट पडलेला, खांद्याला लशीच्या नळ्यांची पेटी. पोरं त्यांना लांबून पाहिलं की पळत, आणि घटकाभरानं त्यांच्याच मागं हिंडत, कारण कापसाच्या जिनाच्या भोंग्याचा हुबेहूब आवाज त्यांना तोंडानं काढता येई. भोंगा वाजला की पोर तोंड वासून बघत राही, आणि तेवढ्यात दंडावरचं काम उरकलेलं असे.

शिक्षण म्हणाल तर मराठी चौथी. पण अक्षर मोत्यासारखं. त्यांच्या रजिस्टरात खाडाखोड शोधून सापडायची नाही. वरचे डॉक्टरसाहेब तपासणीला आले की दुसऱ्या गावच्या टोचणाऱ्यांना शालिग्रामांचं रजिस्टर दाखवत आणि म्हणत, असं ठेवा. ऐकून शालिग्राम खाली मान घालत. लोकांना वाटे, केवढा नम्र माणूस. तो नम्रपणा पुरता खरा नव्हता, पण ते पुढं येईलच.

साल एकोणीसशे सत्तावीस. नागपूरला सरकारनं आरोग्याचा एक वर्ग काढला होता, आणि त्यातले चार विद्यार्थी दोन महिने प्रत्यक्ष काम शिकायला शालिग्रामांकडे यायचे. हे चौथं वर्ष. यंदा मात्र गोष्ट वेगळी होती. आफ्रिकेत मोंबासा म्हणून बंदर आहे, तिथं जहाजांतून उतरणारी हजारो माणसं तपासायला, टोचायला, साथ ओळखायला आपल्याकडची शिकलेली पोरं हवी होती. चौघांतून एकाला पाठवायचं ठरलं. शिफारस डॉक्टरसाहेबांची, पण साहेब सही करायचे ती शिकवणाऱ्याच्या सहीखाली. म्हणजे खरं बघता मोंबासाची जागा चौथी पास शालिग्रामांच्या हातात होती, आणि ती चार मॅट्रिक पास पोरं त्यांच्यापुढं हात जोडून उभी होती. देवाला अधूनमधून असा विनोद सुचतो.

चौघांतला प्रभाकर बहादरपूरचा. वडील शाळामास्तर होते, ते वारले. आई केळीच्या बागेत मजुरीला जाऊन त्याला शिकवत होती. रोज पायी यायचा, म्हणून दुपारचं जेवण शालिग्रामांकडेच. पहिल्या दिवशी शालिग्रामांची बायको मनकर्णा त्याला पाहुण्यासारखं वाढत होती. चौथ्या दिवशी ताट त्याचं त्यानं उचलावं म्हणून ओरडू लागली. नातू सुपडू तर त्याच्या मांडीवरून उठायचाच नाही. शालिग्रामांनी तोंडानं कधी बोलून दाखवलं नाही, पण मोंबासाला जावं तर याच पोरानं, हे त्यांच्या मनात पहिल्या आठवड्यातच पक्कं झालं होतं. आणि प्रभाकरलाही ते हवं होतं. रात्रंदिवस हवं होतं. आईला मजुरीतून सोडवायचं तर दुसरी वाट त्याला दिसत नव्हती.

शिकवण्याची रीत मात्र अजब. पहिला आठवडा नश्तराला हात लावायचा नाही. पेटी घरी ठेवायची आणि लोकांच्या ओट्यावर जाऊन बसायचं. विणकरांच्या मोहल्ल्यात बसा, धूलकोटकडच्या भिल्लांच्या पाड्यावर बसा. संध्याकाळी येऊन सांगायचं, की कोणत्या आईनं आपल्या पोराला लाडानं काय हाक मारली. विद्यार्थी कुरकुरले. पुस्तकात असं कुठं नाही, म्हणाले. शालिग्रामांनी त्यांना सांगितलं, की पुस्तक तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वाचलंय, मी काय शिकवणार. पण मोंबासात तुमची भाषा कोणाला येणार नाही, तेव्हा भाषा न येता दुसऱ्याच्या दारात बसायचं कसं, तेवढं माझ्याकडून घेऊन जा. धूलकोटच्या पाड्यावर प्रभाकर तीन दिवस नुसता बसला. चौथ्या दिवशी एका म्हातारीनं त्याच्या हातात ज्वारीची भाकर ठेवली आणि आपण होऊन नातवंडं पुढं केली.

दुसरा धडा याहून सोपा आणि याहून अवघड. रजिस्टर वाचायचं नाही, दंड वाचायचा. कागदावर काय वाटेल ते लिहिता येतं. देवी चांगली उठली असेल तर दंडावर वण राहतोच, तो वण बोटानं चाचपून बघायचा आणि मगच लिहायचं. हे शिकवताना शालिग्रामांचा आवाज जरा चढे. का चढे, ते एकट्या मनकर्णेला ठाऊक होतं.

आता ती गोष्ट सांगायलाच हवी. सुपडू जन्मला त्याआधी सुनेची दोन बाळं गेली होती. म्हणून सुपडू झाला तेव्हा त्याला सुपात ठेवलं, मृत्यूनं ढुंकूनही बघू नये असं नाव ठेवलं, आणि मनकर्णेनं देवीला नवस बोलला, की पाच वर्षं होईतो पोराच्या अंगाला लोखंड लावणार नाही. जावळ नाही, कान टोचणं नाही, नश्तर तर नाहीच. असे नवस शालिग्रामांना नवे नव्हते. घरोघरच्या आया हेच सांगत, आणि त्यावर त्यांची एक ठरलेली रीत होती. ते त्या आईबरोबर देवीच्या ओट्यावर जात, पाणी घालत आणि म्हणत, नवस मोडल्याचा राग माझ्यावर, या घरावर नाही. मग आई दंड पुढं करायची. अशा शेकडो नवसांचा भार त्यांनी बावीस वर्षांत अंगावर घेतला होता.

पण स्वतःच्या घरी ही रीत चालेना. मनकर्णा अडाणी असेल, पण वकिलाला गप्प करील अशी बाई. ती म्हणाली, "तुमच्या अंगावर म्हणजे माह्याच घरावर ना? चाळीस गावांच्या देवीचा राग तुम्ही घरी घेऊन आले. दोन नातवंडं गेली. आता याले तरी राहू द्या."

नातवंडं तापानं गेली होती, देवीचा काही संबंध नव्हता, हे शालिग्रामांना डोक्यानं कळत होतं. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर डोकं कुठं कामाला येतं? त्यांनी नश्तर पेटीत ठेवलं. आणि देवीवाल्याच्याच घरचं पोर बिनटोचलेलं म्हणजे सगळ्या तहसिलीत छी थू होईल, म्हणून त्याच मोत्यासारख्या अक्षरात लिहून टाकलं: सुपडू, वय एक, देवी चांगली उठली. बावीस वर्षांतली ती एकच खोटी ओळ. साहेब रजिस्टराची तारीफ करत तेव्हा ती ओळच त्यांची मान खाली घालायला लावी.

दोन महिने सरत आले. शेवटची परीक्षा म्हणून शालिग्रामांनी प्रत्येकाला दहा घरं दिली. घराघरातल्या पोरांचे दंड बघायचे, रजिस्टराशी ताडायचे आणि दहा ओळींची यादी करून द्यायची. प्रभाकरला त्यांनी लोधीपुऱ्याची आपलीच गल्ली दिली. चुकून दिली असं ते पुढं म्हणत. मला काही ते पटत नाही. तीन वर्षं ती ओळ उरावर घेऊन हिंडलेला माणूस दमला होता. कोणीतरी बघावं, असं त्याला कुठंतरी वाटलं असणार.

प्रभाकर संध्याकाळी यादी घेऊन आला. शालिग्रामांनी चष्मा लावला, ओळी मोजल्या. नऊ.

घरं तर दहा दिली होती, असं ते म्हणाले. प्रभाकरनं मान वर न करता सांगितलं, की एक घर बंद होतं.

"मग दुपारी तू कोठी जेवला?" शालिग्रामांनी विचारलं.

पोराच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग म्हणाला, "सुपडूच्या दंडावर वणच नाही, गुरुजी. दोन्ही दंड पाह्यले. रजिस्टरात तुमच्या हातचं लिहेल आहे. मी कसं लिहू?"

शालिग्रामांना लाज वाटली, आणि लाजेहून जास्त माया दाटून आली. हा पोरगा आपल्यासाठी खोटं बोलला. आजवर त्यांच्यासाठी कोणी एवढं केलं नव्हतं. गप्प बसायचं, नऊ ओळींवर सही करायची, पोरगा मोंबासाला, आपण सुखरूप. किती सोपं होतं. पण तिकडं जहाजातून कोणी मोठा माणूस आजारी पोर घेऊन उतरला, किंवा कोणी जेवू घालणारा भेटला, तर हा पोरगा तेही घर बंद होतं म्हणून लिहील. आणि मग त्या बंदरातली किती पोरं जातील? त्यांनी यादी परत त्याच्या हातात दिली.

"मोंबासाले तुह्या ओळखीचं कोणी राहणार नाही," ते म्हणाले. "तिथं लिहिणं सोपं जाईल. इथं लिहून दाखव."

"तुमची नोकरी जाईल."

"ते मी पाहीन."

"मग मले मोंबासा नको, गुरुजी."

"नको तर नको जाऊ. पण दहावं घर लिही. आणि खाली नाही, वर लिही, पहिल्या ओळीत."

प्रभाकरनं नवा कागद घेतला. शालिग्रामांनी दौत धरून ठेवली. पहिल्या ओळीत त्यानं घरमालकाचं नाव लिहिलं, शालिग्राम. पुढं, मूल एक, वण नाही, नोंद खोटी. लिहून झाल्यावर तो लहान पोरासारखा रडला, आणि शालिग्राम त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रभाकर पेटी न घेताच आला आणि मनकर्णेच्या ओट्यावर बसला. तासभर काही बोलला नाही. ती धान्य निवडत होती. शेवटी तीच म्हणाली, बोल काय ते. त्यानं सांगितलं, की नवसाचा भार मी घेतो. मी तुमच्या घरचा नाही, तेव्हा राग या घरावर यायचा नाही. तो राग आपल्या आईवरही येऊ नये म्हणून त्यानं पुढं जोडलं, "मी तर समुद्रापार जाऊन राह्यलो, मावशी. देवीले माह्यामागं मोंबासापर्यंत यावं लागल."

मनकर्णेनं सूप खाली ठेवलं. हे तिला पटण्यासारखं होतं. एवढं पाणी ओलांडून देवी कशाला जाईल? तिनं खोदून खोदून विचारलं, समुद्र किती मोठा, तापीला पूर येतो त्याहून मोठा का. मग उठली, त्याला देवीच्या ओट्यावर घेऊन गेली, आणि आल्यावर स्वतः सुपडूला मांडीवर घेऊन बसली. भोंगा शालिग्रामांनी वाजवला, नश्तर प्रभाकरनं चालवलं. आजोबांचा भोंगा मध्येच फाटला, पण सुपडूच्या ते लक्षात आलं नाही. आठव्या दिवशी देवी अशी छान उठली, की शालिग्राम दिवसातून चार वेळा तो दंड बघत.

नवव्या दिवशी डॉक्टरसाहेब आले. शालिग्रामांनी आधी यादी त्यांच्यापुढं ठेवली, मग रजिस्टराचं ते पान उघडून ठेवलं आणि उभे राहिले. साहेबांनी पहिली ओळ वाचली. पुन्हा वाचली. धक्क्यानं रागावण्याइतकाही त्यांच्यात जोर उरला नसावा. नोकरी ठेवतो, म्हणाले, पण पुढच्या वर्षीपासून विद्यार्थी इथं येणार नाहीत, आणि तुम्ही धूलकोटच्या फेरीवर जा. विद्यार्थी गेले, हे शालिग्रामांना नोकरी गेल्यापेक्षा जड गेलं. तरी त्यांनी प्रभाकरच्या शिफारशीचा कागद पुढं सरकवला आणि सही करायला टाक उचलला.

साहेबांनी कागदावर हात ठेवला. "तुमच्या सहीखाली मी आता सही कशी करू, शालिग्राम?"

टाक तसाच हवेत राहिला. याचा विचारच त्यांनी केला नव्हता. खरं बोलून आपण आपल्याच सहीची किंमत घालवली, आणि पोराची जागाही, हे त्यांना तेव्हा कळलं.

साहेब यादीकडे बघत होते. हा पोरगा जेवतो कुठं, असं त्यांनी विचारलं. माझ्याच घरी, शालिग्राम कसेबसे म्हणाले. आणि ही ओळ त्यानं लिहिली? हो, साहेब. मग शिफारशीच्या कागदावर शिकवणाऱ्याच्या सहीची जागा साहेबांनी कोरीच सोडली, खाली आपली सही केली, आणि यादी त्या कागदाला टाचणीनं जोडून टाकली.

शालिग्राम घरी आले तेव्हा मनकर्णा दारातच उभी होती. देवीचा राग प्रभाकरच्या अंगावर असताना त्यानं इथं राहून चालणार नव्हतं, तिला दुसरं काही सुचत नव्हतं. केली ना त्याच्या कागदावर सही, तिनं विचारलं.

"सही नाही लागली," शालिग्राम म्हणाले. "नाव आहे माझं. पहिल्या ओळीत आहे."

मनकर्णेला वाचता येत नव्हतं. ती तशीच पदर खोचून शेजारी गेली, आणि आपल्या नवऱ्याचं नाव मोंबासाच्या कागदावर पहिल्या ओळीत आहे, असं तिनं गल्लीत घरोघर सांगितलं. शालिग्राम ओट्यावर बसून ऐकत होते. त्यांनी तिला थांबवलं नाही.