खामपुई मावशीचं हातजाळं

खामपुई मावशी मेकाँगच्या पाण्यात वाकून खायचं शेवाळ काढायची. तीळ लावून थापायची, वाळवायची, भाजून विकायची. नदीबद्दल ती फारसं बोलत नसे. बघायची आणि तसं वागायची. टिटवीनं वाळूवर अंडी घातली की मळा पार खाली, पाण्यालगत न्यायचा. मग पावसाळ्यापर्यंत पाणी चढत नाही. तिच्या आईनं, आजीनं हेच केलं होतं.

यंदाही टिटवीनं अंडी घातली. मावशीनं खाली भुईमूग लावला, खोपटं बांधलं. गुडघे गेलेल्या नवऱ्याला, इन्थाला, राखणीला बसवलं.

"पाखरं हाका. शेंगा तुम्हीच खाऊ नका," ती म्हणाली.

"दात कुठायत मला?" म्हातारा म्हणाला.

आभाळ कोरडं होतं. भर दुपारी पाणी चढलं. वरच्या देशातल्या धरणानं दरवाजे उघडले होते. आम्हाला कोण कळवणार? मी शेजारी, होडी घेऊन पोचलो तेव्हा इन्था खोपट्याच्या बांबूला धरून गळ्यापर्यंत पाण्यात होता.

तेव्हापासून तो बोलत नाही, खात नाही. भिंतीकडे तोंड करून पडून असतो. दवाखान्यात म्हणाले, छाती साफ आहे.

मावशीला कारण ठाऊक होतं. असा दचकलेला माणूस घरी येतो, त्याचा जीव त्याच जागी राहतो. तिथं उथळ पाण्यात उभं राहून हातजाळं फिरवायचं, नावानं हाक मारायची आणि जीव जाळ्यात घरी आणायचा.

हातजाळं आणि जिवाला दाखवायला चिकट भात, उकडलेलं अंडं घेऊन ती निघाली. मी सोबत होतो. खोपट्याची जागा खोल पाण्याखाली होती. नावेतून हाक मारलेली चालत नाही, पाय जमिनीला हवेत. दुसऱ्या दिवशी पाणी इतकं उतरलं की तिथं नुसता चिखल. जाळं कशात फिरवणार? पुढच्या सकाळी जागा पुन्हा बुडालेली.

"पोरा, तू शिकलेला," ती म्हणाली. "धरणवाल्यांना सांग ना, घटकाभर पाणी तिथं थांबवा. घोट्याएवढं पुरे."

मी पदवीला कविता शिकलो. धरण कुठल्या गावाला आहे, हेही मला ठाऊक नव्हतं.

आज इन्थानं तोंडात घातलेलं पाणीही गिळलं नाही. मावशी जाळं घेऊन चिखलात उभी आहे. त्याला हाका मारते आहे. एकदा नदीकडे तोंड करून, एकदा घराकडे.