शॉमबर्गची घोडी आणि अर्धा डोस

शिकागोच्या विमानतळावर अधिकाऱ्याने विचारलं, "गेल्या काही दिवसांत गुराढोरांच्या जवळ गेला होतात का?" शहादा तालुक्यात सरकारी पशुवैद्य म्हणून ज्याचं सगळं आयुष्य गेलं, त्याला हा प्रश्न म्हणजे माशाला 'पाण्यात गेला होतास का' असं विचारण्यासारखं. निवृत्त झालो तरी लोक बोलावतातच. मी अभिमानाने सांगायला लागलो, "हो, परवाच एका म्हशीला..." सुलभाने, म्हणजे माझ्या पत्नीने, कोपर मारलं, पण उशीर झाला होता. माझे बूट धुवायला नेले आणि मी मोज्यांवर उभा राहिलो. सुलभा चार पावलं लांब जाऊन दुसऱ्याच कोणाची बायको असल्यासारखी उभी राहिली. मला मात्र बाहेरचा रोग आत येऊ नये म्हणून पाहुण्याचे जोडे धुणारा देश पहिल्या भेटीतच आवडला.

आम्ही चाललो होतो शॉमबर्गला. तिथे सुलभाचा धाकटा भाऊ श्रीकांत राहतो आणि त्याच्या मुलाचं, निखिलचं, लग्न होतं. गाव स्वच्छ, सपाट आणि हिरवंगार. घरापुढे एवढं गवत, आणि चरायला एक शेळी नाही! माझा जीव हळहळला. पहिल्या संध्याकाळी श्रीकांतने डीप डिश (खोलगट भांड्यात भाजलेला जाडजूड पिझ्झा) मागवला. एका तुकड्यात मी गार झालो.

श्रीकांतला खोकला झाला होता. मलाही निघण्याआधी झाला होता आणि आमच्या डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या. अडीच दिवसांत मला बरं वाटलं, म्हणून उरलेली पट्टी मी बॅगेत टाकून आणली होती. ती श्रीकांतला दिली.

"भावजी, थँक्स हो! इथे अपॉइंटमेंटच मिळत नाही," तो म्हणाला. सासरी मी इतका लाडका कधीच नव्हतो.

लग्नाच्या दिवशी सकाळी हॉटेलच्या पार्किंग लॉटमध्ये वरातीची पांढरी घोडी आली. तिची मालकीण लिंडा नावाची धिप्पाड, हसरी बाई. घोडीचं नाव बिस्किट. पार्किंग लॉट आम्हाला अकरा ते साडेअकरा एवढाच मिळाला होता. निखिल फेटा बांधून तयार होता, ढोलवाले टिपऱ्या हलवत होते, आणि माझी नजर बिस्किटच्या पायांवर गेली. चारही पाय सुजलेले.

शहाद्याकडे असे पाय दिसले की मनात पहिली शंका सर्र्याची (चावणाऱ्या माश्यांमुळे पसरणारा, रक्तात सूक्ष्म जंतू वळवळणारा जनावरांचा ताप). आणि सर्रा म्हटलं की मला राणी आठवते.

राणी ही गुलाबरावची घोडी. गुलाबराव आमच्याकडे वरातीला घोड्या देतो. त्याच्या दोन घोड्यांना सर्रा झाला तेव्हा दवाखान्यात औषधाची एकच बाटली होती, एका घोडीपुरती. मी ती दोघींत अर्धी अर्धी केली. दोघी उठल्या, खाऊ लागल्या. काही आठवड्यांनी ताप परत आला आणि या वेळी तेच औषध पूर्ण देऊनही लागू पडलं नाही. एक कशीबशी वाचली, राणी गेली. मी गुलाबरावला सांगितलं की औषधच बनावट निघालं. हे खोटं मी इतकी वर्षं उराशी घेऊन फिरतोय. आता आणखी एक घोडी माझ्या डोळ्यांदेखत जायला नको होती.

मी बिस्किटच्या पुढे दोन्ही हात पसरून उभा राहिलो. "वरात थांबवा!"

"काका, सीरियसली?" निखिल रडकुंडीला आला. "या हॉर्ससाठी मी लहानपणापासून वेट केलंय!"

"भावजी, लग्न आहे हो माझ्या मुलाचं!" श्रीकांत खोकत म्हणाला.

लिंडा हसून सांगत होती, "शी इज फाइन, सर." ढोलवाल्यांना वाटलं, घोडी अडवणं हा लग्नातला विधीच आहे. त्यांनी जोरात वाजवायला सुरुवात केली.

तेवढ्यात गर्दीतून पैठणी नेसलेली एक मुलगी पुढे आली. ही नवरीची मैत्रीण अनघा. अमेरिकेतल्याच नोव्हाय गावात वाढलेली, आईवडील नागपूरचे, आणि स्वतः घोड्यांची डॉक्टर. तिने निऱ्या खोचल्या, बांगड्या सुलभाच्या हातात दिल्या आणि सरळ बिस्किटच्या पायाशी बसली.

"मीही जनावरांचा डॉक्टर. मला सर्रा वाटतोय, सावधगिरी म्हणून एक इंजेक्शन देऊन टाकूया का?" मी विचारलं.

"टेस्टशिवाय, काका?" ती म्हणाली. मी ओशाळलो.

तिने ओठ उचलून हिरड्या पाहिल्या. छान गुलाबी. गाडीतून थर्मामीटर आणून लावलं. ताप नाही. मग लिंडाला दोन प्रश्न विचारले. पावसामुळे बिस्किट दोन दिवस तबेल्यात नुसती उभी होती.

"स्टॉक्ड अप आहे ती. उभं राहून पायात पाणी उतरलंय, बाकी काही नाही," अनघा म्हणाली. "चालली की उतरेल. आणि सर्रा इथे नसतोच, काका. मी फक्त टेक्स्टबुकमध्ये वाचलाय. तुम्ही ट्रीट कसा करायचात?"

असा प्रश्न मला निवृत्तीनंतर प्रथमच कोणी विचारला होता. मी वरात विसरलो. खिशातून माझी जुनी टेप काढली आणि सांगू लागलो, "आधी छातीचा घेर मोजून वजन काढायचं. डोस वजनावर, अंदाजावर नाही. जास्त झालं तर घोडी थरथरते, लाळ गाळते, कोसळूसुद्धा शकते. गाईला चालणारं एखादं औषध घोड्याच्या जिवावर उठतं. आणि डोस कमी पडला तर त्याहून वाईट. जे जंतू वाचतात ते निगरगट्ट होतात. मग औषध दिलं काय आणि पाणी दिलं काय. म्हणून अर्धा डोस कधीही, कधीही..." आणि मला खोकल्याची उबळ आली.

"काका, हा कफ कधीपासून?"

मी काही म्हणायच्या आत सुलभाने माझा पंचनामा केला. "यांना पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या. यांनी अडीच दिवस घेतल्या आणि उरलेल्या माझ्या भावाला वाटल्या."

मागून श्रीकांतही खोकला. अख्खी वरात हसली. सगळ्यांत मोठ्याने लिंडा हसली, तिला तर मराठीही येत नव्हती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे माझ्यावर इतकं चपखल कधीच बसलं नव्हतं. मला हसू आलं आणि आत कुठेतरी लाजही वाटली.

"मी फक्त घोड्यांची डॉक्टर आहे," अनघा म्हणाली. "तुम्ही दोघं उद्या माणसांच्या डॉक्टरकडे जा. आता बिस्किटला चालवूया."

म्हणजे वरात हाच उपचार होता! निखिल घोडीवर बसला आणि पार्किंग लॉटला तीन फेऱ्या झाल्या. दर फेरीला मी वाकून बिस्किटच्या पायाला टेप लावत होतो. नवरीच्या एका मावशींना ही वराकडची काही रीत वाटली. त्यांनी टेपला हळदकुंकू वाहिलं. साडेअकराला सूज बरीच उतरली होती आणि निखिलचा फेटा डोळ्यांवर.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो, तर नर्सने आधी वजनकाट्यावर उभं केलं. मला फार बरं वाटलं. डॉक्टरांनी दोघांना वेगवेगळं तपासलं, वेगवेगळ्या गोळ्या दिल्या. माझी शेवटची गोळी मी परतीच्या विमानात सुलभाच्या कडक देखरेखीखाली घेतली.

घरी आलो आणि गुलाबरावकडे गेलो. त्याला सगळं सांगितलं. बूट, बिस्किट, खोकला. तो पोट धरून हसला. मग म्हणालो, "गुलाबराव, औषध बनावट नव्हतं. अर्धं दिलं म्हणून राणी गेली. चूक माझी."

त्याने हसणं आवरलं. "साहेब, दोघींना वाटून द्या असं हात जोडून कोण म्हणालं होतं? मीच ना? मला कधीपासून माहीत आहे. पण तुम्ही बनावट म्हणालात, मग मलाही बरं पडलं."

आतून चहा आला, एकच कप. घरातलं दूध संपलं होतं. गुलाबरावने बशीत अर्धा ओतला आणि कप माझ्यापुढे सरकवला. चहा अर्धा घेतलेला चालतो.