‘आई १’ ते ‘आई ३७’

हिंमतराव ओव्हाळांची सगळी नोकरी कालव्यावर गेली. पाटबंधारे खात्यात ते कालवा निरीक्षक होते. खडकवासल्याहून सुटलेलं पाणी कुठल्या चारीला किती तास मिळायचं, ते त्यांच्या वहीत असायचं. आधी सायकलवरून आणि पुढे मोपेडवरून त्यांनी तो काठ किती वेळा तुडवला असेल, त्याला गणती नाही. निवृत्त झाल्यावर ते आणि शालनताई विश्रांतवाडीतल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. एकुलती एक मुलगी आम्रपाली खराडीला नोकरीला होती. नोकरीत कायम झाली त्या वर्षी, म्हणजे २०११ साली, तिने अण्णांना कॉम्प्युटर घेऊन दिला. अण्णांनी त्यावर पांढरा रुमाल घातला आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून दाखवला.

आम्रपालीचं कामच कॉम्प्युटर दुरुस्त करण्याचं. कंपनीतल्या कुणाचा लॅपटॉप अडकला की फोन तिच्या विभागात यायचा. हाताखाली बारा जण होते आणि त्या सगळ्यांना तिने एक शिस्त घालून दिली होती. समोरचा कितीही वैतागलेला असो, पहिला प्रश्न ठरलेला: काय उघडं आहे आणि सेव्ह केलंय का? त्याचं उत्तर आल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही. नव्याने आलेल्या पोरांना ती हे इतक्यांदा ऐकवायची की पोरं तिच्या मागे तिची नक्कल करायची.

दोन-अडीच वर्षांपूर्वी एका रविवारी जेवताना अण्णा म्हणाले, “आमू, आमच्या आईबद्दल लिहावं म्हणतो. वेणूबाई काय बाई होती, हे माझ्यामागे कुणाला कळणार नाही. एक दोनशे पानी वही आणलीय.”

“वहीत नका लिहू अण्णा,” आम्रपाली म्हणाली. “वह्या हरवतात. कॉम्प्युटरवर लिहा, मी छापून देईन छान पुस्तकासारखं.”

बोलली आणि वरणाची वाटी पुढे ओढली. पुस्तकाचं तिला आठवड्याभरात आठवतही नव्हतं.

अण्णांनी मात्र मनावर घेतलं. मराठी टाइपिंग त्यांना यायचं नाही, ते एकेक अक्षर शोधत शिकले. कॉम्प्युटर तोवर म्हातारा झाला होता. चालू व्हायला दहा-अकरा मिनिटं घ्यायचा आणि चालू झाला तरी अर्ध्या तासात गोठायचा. बाण हलायचा नाही, अक्षर उमटायचं नाही. मग आम्रपालीच्या मोबाइलवर मेसेज यायचा, ‘कॉम्प्युटर अडकला. वेळ मिळेल तेव्हा फोन कर.’ ती दोन मीटिंगांच्या मध्ये फोन करायची.

“जयभीम अण्णा. हं, अडकला ना? ते पुढचं गोल बटन दाबून धरा. दहापर्यंत मोजा. बंद झाला की परत चालू करा.”

“दाबलं. एक... दोन... तीन...” अण्णा मोठ्याने मोजायचे. आम्रपाली फोन स्पीकरवर टाकून ईमेल वाचायची.

“झाला गं बंद.”

“मग झालं तर. ठेवू?”

“आमू, एकदा येऊन बघतेस का? काहीतरी बिघडलंय त्याचं.”

“येते ना. या शनिवारी नाही, पुढच्या.”

खराडीहून विश्रांतवाडी काही लांब नाही. ती यायचीही, महिन्यातून दोनदा, जेवायला. पण जेवण झालं की डोळे मिटायचे, नाहीतर कुठलातरी कॉल यायचा. अण्णा कॉम्प्युटरच्या खोलीच्या दारापर्यंत जायचे, मागे वळून बघायचे आणि परत यायचे. पुढे पुढे मेसेजही येईनासे झाले. आता चालत असेल नीट, असं तिने धरून घेतलं.

या वर्षी फेब्रुवारीत सकाळी दाढी करता करता अण्णा कलंडले. पक्षाघात. जीव वाचला, पण उजवा हात आणि वाचा गेली. समजायचं सगळं. नजर पूर्वीसारखीच तल्लख होती, पण शब्द तोंडाशी येऊन अडायचे. ‘हो’, ‘नाही’, ‘शालन’ आणि असेच आणखी चार-सहा. वाचा-उपचार करणाऱ्या अक्षता मॅडम आठवड्यातून दोनदा घरी यायच्या. त्या म्हणाल्या, “जुने फोटो असतील तर काढून ठेवा. ओळखीची माणसं दिसली की शब्द सुटतात कधीकधी.”

जुने फोटो कॉम्प्युटरमध्ये होते. तेरा वर्षांत पहिल्यांदा आम्रपाली त्या खुर्चीत एक अख्खा शनिवार बसायच्या तयारीने बसली.

मशीन चालू झालं आणि तिचं तिलाच शरमल्यासारखं झालं. फोटोंचं फोल्डर उघडताना दोनदा गोठलं. आतून डिस्कचा टक् टक् आवाज येत होता. हा आवाज तिच्या ऑफिसात कुणी ऐकवला असता तर तिने त्याच दिवशी मशीन बदलून दिलं असतं. आधी तिने सगळ्या फायली हळूहळू बाहेरच्या ड्राइव्हवर काढून घेतल्या. मग सीपीयूची बाजू उघडली. पंख्यावर धुळीचा थर इतका जाड होता की चिमटीने सोलून काढता आला. पडद्यामागेही तीच गत. तीन तीन अँटीव्हायरस एकमेकांच्या उरावर बसलेले. एक तिनेच कधीतरी टाकलेला, एक फुकटातला, तिसरा कुठून आला देव जाणे. चालू होतानाच बावीस प्रोग्रॅम जागे होत होते आणि त्यातल्या एकाचाही अण्णांना उपयोग नव्हता.

ती स्कूटर काढून बुधवार पेठेत गेली. जुन्या डिस्कच्या जागी बसणारी एसएसडी आणि थोडी मेमरी, एवढंच हवं होतं. दुकानदाराने मॉडेलचा कागद वाचला आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

“अजून चालतो हा?”

“अडकतो.”

“अडकणारच. इतकी वर्षं कुणी बघितलं नाही म्हणजे माणूससुद्धा अडकतो.” एवढं बोलून तो मेमरी शोधायला आत गेला. पेठेतला नेहमीचा तिरकसपणा, पण आम्रपालीला त्यावर हसू आलं नाही.

संध्याकाळी पाचच्या सुमारास तिने सगळं जोडून बटन दाबलं. वीस सेकंदांत मशीन चालू झालं. न अडखळता, न गोठता. पेठेत जाऊन येणं धरूनसुद्धा सगळ्या कामाला पाच तास लागले होते.

काढून घेतलेल्या फायली परत ठेवताना तिला एक फोल्डर दिसलं. नाव ‘आई’. आत सदतीस फायली. ‘आई १’, ‘आई २’, अशा ‘आई ३७’पर्यंत. तिला वाटलं, सदतीस प्रकरणं! अण्णांनी लिहिलं की!

तिने पहिली उघडली. ‘माझी आई वेणूबाई धोंडिबा ओव्हाळ. आमचं गाव यवतच्या अलीकडे, कालव्याला लागून.’ पाऊण पान होतं आणि वाक्याच्या मध्येच थांबलं होतं. दुसरी उघडली. ‘माझी आई वेणूबाई धोंडिबा ओव्हाळ.’ अर्धं पान. तिसरीची सुरुवातही तीच. चौथीचीही.

सदतीस प्रकरणं नव्हती. एकच गोष्ट सदतीस वेळा सुरू केलेली होती.

अण्णा नाव देऊन फाइल करायचे, थोडंसं लिहून, वाक्य अर्धं असलं तरी, सेव्ह करायचे आणि मग तंद्रीत लिहीत जायचे. मशीन गोठलं की बटन दाबून धरायचे. तंद्रीत लिहिलेलं सगळं त्या दहा आकड्यांमध्ये जायचं. मग सगळंच गेलं असं समजून ते पुढच्या आकड्याची नवी फाइल करायचे आणि पहिल्या वाक्यापासून सुरू करायचे. तिने मोबाइल काढला. ‘आई ६’ची तारीख आणि ‘कॉम्प्युटर अडकला’ या मेसेजची तारीख एकच निघाली. ‘आई ७’चीही. ‘आई ९’पर्यंत तिने पाहिलं आणि मोबाइल पालथा ठेवला. परक्या माणसांना हजार वेळा विचारलेला प्रश्न तिने अण्णांना एकदाही विचारला नव्हता. उलट, पुसून टाकायची रीत तिनेच शिकवली होती. आणि ते इकडे इमानदारीने आकडे मोजत होते.

पुढच्या फायली ती वाचत गेली. प्रत्येकीत काहीतरी वेगळं उरलं होतं. एकीत वेणूबाईंच्या लुगड्याचा रंग होता. एकीत छप्पन्नच्या दीक्षेनंतर धोंडिबांनी घरातले देव कालव्यात सोडले, ती सकाळ होती. बाविसावीत आई त्यांना ‘हिम्या’ म्हणायची हे होतं, ते बाकी कुठेच नव्हतं. पण जसजसा आकडा वाढत होता तसतशी वाक्यं आखूड होत होती. शेवटची फाइल जानेवारीतली. ‘आई वेणूबाई. गाव यवतजवळ. धाडसी होती. भराभर लिहितो, बंद पडेल.’ बस.

शालनताई चहा घेऊन आल्या तेव्हा स्क्रीनवर ‘आई ३७’ उघडीच होती.

“आई, अण्णांनी हे वहीत का नाही लिहिलं गं? इतक्यांदा गेल्यावर तरी?”

“मी म्हटलं की. तर म्हणाले, आमूने सांगितलंय, कॉम्प्युटरवरचंच छापता येतं.” शालनताईंनी कप टेबलावर ठेवला. “वही आहे कपाटात. कोरीच आहे.”

“मला सांगायचं नाही का?”

“तुला सांगू देत नव्हते ते. तिला कामं असतात म्हणायचे. मलाही वाटायचं, बसलेत ना एका जागी, बरं आहे.”

त्यानंतर आम्रपालीने आठ दिवस रजा घेतली. सदतीस तुकडे समोर ठेवून तिने त्यांतून एक सलग मजकूर जुळवला. स्वतःचा शब्द कुठेच घातला नाही. चार पानं झाली. सगळ्यात पुढे गेलेली फाइल अकरावी होती. तिच्यात लिहिलं होतं की त्यांच्या वस्तीने कालव्याच्या खालच्या अंगालाच पाणी भरायचं, हा गावचा जुना दंडक होता. सत्तावन्नच्या उन्हाळ्यात एका सकाळी वेणूबाई म्हणाल्या होत्या, ‘आता आपण बुद्धाची माणसं. म्या वरच्या अंगाला जाते. बघू कोण काय करतंय.’ त्यांनी घागर उचलली आणि सात वर्षांच्या हिम्याचा हात धरला. ‘वरच्या अंगाला पोहोचलो तेव्हा काठावर’, इथे मजकूर तुटला होता.

रविवारी तिने अण्णांची खुर्ची कॉम्प्युटरसमोर आणली आणि ती चार पानं वाचून दाखवली. अण्णा ऐकत राहिले. देव सोडल्याच्या जागी त्यांनी डावा हात वर केला, पुन्हा वाच म्हणून. तिने पुन्हा वाचलं. ‘हिम्या’ आलं तेव्हा त्यांचा चेहरा एका बाजूने हसला. मग शेवटचं अर्धं वाक्य आलं आणि ती थांबली.

“पुढे काय झालं अण्णा? काठावर कोण होतं?”

अण्णांचे ओठ हलले. मानेच्या शिरा ताठ झाल्या.

“पाणी,” ते म्हणाले.

ती उठून पेला घेऊन आली. त्यांनी तो डाव्या हाताने बाजूला सारला, थोडं पाणी त्यांच्या मांडीवरच्या चादरीवर सांडलं.

“पाणी,” ते पुन्हा म्हणाले, या वेळी मोठ्याने, आणि बोट स्क्रीनकडे केलं.

आम्रपाली त्यांच्या पायाशी बसली. “त्या दिवशीचं पाणी? वेणूआजीने भरलं?”

“हो.”

“कुणी अडवलं होतं?”

“हो.”

“मारलं?”

अण्णांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि शालनताईंनी पदराने ते पुसलं. “आज पुरे,” त्या म्हणाल्या.

तेव्हापासून आम्रपाली दर रविवारी सकाळीच येते. हो-नाहीच्या प्रश्नांनी तीन महिन्यांत अर्धं पान पुढे सरकलंय. काठावर दोन माणसं होती. घागर फुटली. वेणूबाई ओंजळीने पाणी प्यायल्या आणि हिम्यालाही पाजलं. एवढं कळलं. ती माणसं कोण होती, त्यांना त्या काय म्हणाल्या, परतीच्या वाटेवर पोराशी काय बोलल्या, हे हो-नाहीत मावणारं नाही. अक्षता मॅडम म्हणतात, शब्द येतील हळूहळू. पण सगळे येतील असं त्या म्हणत नाहीत. आणि ती सकाळ पाहिलेलं दुसरं माणूस आता कुणी उरलेलं नाही.

कॉम्प्युटर उत्तम चालतो. रविवारी ती बटन दाबते, तो लगेच उजळतो आणि दोघं त्याच्यासमोर बसतात. प्रश्न सुचेपर्यंत बराच वेळ ती नुसती बसून असते. अण्णा वाट बघतात.