पहिलं बँडचं, दुसरं पोराचं

गजभिये मॅडम गेल्याचं मला शाळेच्या मोबाईलवरच्या ग्रुपमध्ये कळलं. मुख्याध्यापकांचा निरोप होता. पहिल्या ओळीत मॅडमचं निधन, दुसऱ्या ओळीत उद्याची घटक चाचणी ठरल्याप्रमाणे होईल, सर्वांनी नोंद घ्यावी. खाली जोडलेल्या हातांची रांग आणि मध्येच एक अंगठा. तो अंगठा निधनाला होता की घटक चाचणीला, कोण जाणे. मी गॅस बंद केला आणि ओट्याशी तशीच उभी राहिले. आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत त्या ग्रंथालयात माझ्यासमोर बसून जेवल्या होत्या. रात्रीतून मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, खापरखेड्याहून नागपूरला आणेपर्यंत सगळं संपलं. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. रडू येणं कमी झालं आहे. राग मात्र कमी झालेला नाही, आणि तो कमी व्हावा असं मला वाटतही नाही.

शाळेने शोकसभा घेतली. संस्थेचे एक पदाधिकारी बोलले. मॅडम अत्यंत शांत होत्या, समंजस होत्या, कधी कुणाला उलटून बोलल्या नाहीत, असं ते म्हणाले. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. मी या शाळेची ग्रंथपाल, हळू बोलणारी बाई म्हणून प्रसिद्ध. पण त्या क्षणी मला उठून ओरडावंसं वाटलं, की अहो, त्या उलटून बोलल्या. याच इमारतीत बोलल्या, आणि तुम्हालाच बोलल्या. माणूस गेल्यावर त्याचं भांडणही पुसून टाकायचं, म्हणजे भांडण कशासाठी होतं ते कुणी विचारणार नाही... याला श्रद्धांजली म्हणतात?

मॅडम आमच्या शाळेच्या बँडच्या शिक्षिका होत्या. वडील खापरखेड्याच्या वीज केंद्रात कामगार, आणि लग्नसराईत एका बँडमध्ये कॉर्नेट, म्हणजे आखूड ट्रम्पेट, वाजवायचे. दसऱ्याला दीक्षाभूमीकडे निघणाऱ्या मिरवणुकीत तेच कॉर्नेट ते कुणी न बोलावता घेऊन जात. मॅडम त्यांच्याकडूनच शिकल्या. बँडच्या खोलीत पंखा नव्हता म्हणून त्या डबा घेऊन समोरच्या ग्रंथालयात यायच्या आणि दारातूनच मला चिडवायच्या, "काहून वं ताई इतकं हळू बोलता? पुस्तकं झोपले काय?" त्यांचा आवाज ऐकून सुट्टीत वाचायला आलेली मुलं हसायची, मग त्या मुलांवर डोळे वटारायच्या आणि स्वतःही हसायच्या.

त्यांचा एक नियम होता. सहावीत मूल बँडमध्ये आलं की पहिलं वाद्य त्या स्वतः देत. त्याचे दात बघत, ओठ बघत, बँडमध्ये कोणाची जागा रिकामी आहे ते बघत, आणि सांगत, तू बासरी, तू ट्रम्पेट. तिथे चर्चा नाही. पण आठवीत, दिवाळीच्या सुट्टीनंतर, प्रत्येकाने दुसरं एक फुंकायचं वाद्य शिकायचं, आणि ते मुलाने निवडायचं. "पहिलं बँडचं, दुसरं पोराचं," असं त्या म्हणत. खोलीत सतरंजीवर सगळी वाद्यं मांडायची, बाकीच्यांनी बाहेर थांबायचं, एकेकाने आत जाऊन हवं ते उचलून फुंकून बघायचं. मॅडम तेवढा वेळ भिंतीकडे तोंड करून बसत. ग्रंथालयाच्या खिडकीतून मला त्यांची पाठ दिसायची. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "माह्या तोंडाकडे पाहून निवडतात लेकरं. मी जराशी हसली की तेच धरून बसतात." दुसरं वाद्य कशाला, असंही विचारलं होतं. एखादा आजारी पडला तर जागा भरता येते, हे कारण त्यांनी आधी सांगितलं. मग भाकरीचा तुकडा हातात तसाच ठेवून म्हणाल्या, "ताई, पहिली गोष्ट आपल्याले कोणीतरी देतेच. नाव देते, घर देते, जात देते. एखादी तरी आपण उचललेली असावी ना." आणि लगेच, "भाषण झालं वाटते. जेवा."

गेल्या दिवाळीनंतर समीक्षा भोयरची पाळी आली. किरकोळ अंगाची, सहावीपासून बासरी वाजवणारी मुलगी. तिने क्लॅरिनेट उचलून ठेवलं, ट्रम्पेट एकदा फुंकून ठेवलं, आणि सरळ खाली बसून युफोनियम मांडीवर घेतलं. युफोनियम म्हणजे कवेत धरायचं मोठं पितळी वाद्य, जाड आवाजाचं. पहिला आवाज म्हैस हंबरल्यासारखा निघाला. बाहेरची मुलं खिदळली, तीही हसली, आणि पुन्हा फुंकलं. मॅडम वळल्या.

"हेच?"

"हेच, मॅडम."

"जड आहे."

"माहीत आहे."

"पाठ दुखन."

"दुखू द्या ना मॅडम."

दोन दिवसांनी तिचे वडील आले. नागपूरच्या सदर भागात त्यांचं पंख्यांचं दुकान आहे. मॅडम ग्रंथालयात होत्या, म्हणून ते तिथेच आले. "मॅडम, बासरी ठीक होती. घरी पाहुणे आले की वाजवते, बरं वाटते. हे बोचकं काहून दिलं तिले? वरातीतल्या बँडवाल्यासारखी गाल फुगवून उभी राहीन काय माही पोरगी?"

"मी नाही दिलं भाऊ, तिनं घेतलं. आन गाल फुगवले की सूर फाटते, मी फुगवू देत नाही," मॅडम म्हणाल्या. "माहे बाबा वरातीतच वाजवत होते. तुमच्या लग्नात बँड होता की नाही?"

"होता ना."

"मंग नाचले असान तुम्ही त्याच्यापुढं."

भोयर म्हणाले, "नाचणं वेगळं."

हे दोन शब्द मी विसरू शकत नाही. ज्याच्यापुढे आपण घाम येईपर्यंत नाचतो, त्याच्या हातातली वस्तू आपल्या मुलीच्या हातात नको. भोयरांना तरी प्रामाणिक म्हणेन मी, ते बोलून गेले. मुख्याध्यापकांनी हेच गोड भाषेत सांगितलं. पाहुण्यांसमोर मुली नाजूक वाद्यांवर शोभतात, तिला क्लॅरिनेट द्या, वादही मिटेल. मॅडमचा आवाज तेव्हा चढला. "सर, पहिलं वाद्य मी दिलं तेव्हा तिला कोणी विचारलं नाही. मी नाही, तुम्ही नाही, तिच्या वडिलांनीही नाही. आता ती स्वतः बोलली, तर सगळ्यांना एकदम तिची काळजी वाटून राहिली!"

प्रजासत्ताक दिनाच्या संचलनातून समीक्षाचं नाव वगळलं गेलं. मॅडमनी संस्थेच्या त्याच पदाधिकाऱ्यांना तोंडावर सांगितलं, ती नाही तर बँड नाही. संस्थेने बँडच रद्द केला आणि मैदानावर मोठा स्पीकर लावला. मुलं गणवेशात, रिकाम्या हातांनी रांगेत बसलेली, आणि स्पीकरमधून कुठल्याशा बँडचं ध्वनिमुद्रण. मॅडम माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, "ऐका ताई. खाली जो जाडा सूर चालू आहे ना, ते युफोनियम. हे चालते त्यांना. दिसत नाही ना!"

त्यानंतर बँडचे तास कमी झाले. कोणी रजेवर गेलं की त्या वर्गावर मॅडम, परीक्षेच्या देखरेखीला मॅडम. समीक्षाला त्या मधल्या सुट्टीत शिकवू लागल्या. डबा अर्धा खाऊन झाकण लावायच्या आणि उठायच्या. तक्रार केली नाही, हे खरं. पण तक्रार न करणं म्हणजे मान्य करणं नव्हे. शोकसभेत बोलणाऱ्यांना हा फरक कळत नव्हता असं नाही. त्यांना तो नको होता.

कारण त्याच शोकसभेत घोषणा झाली. मॅडमच्या स्मरणार्थ मुलींचा बासरीवृंद स्थापन होणार, त्याला मॅडमचं नाव, मुलींना एका रंगाचे पोशाख. जुनी, अवजड पितळी वाद्यं बंद. एका विद्यार्थ्याला एकच वाद्य, म्हणजे अभ्यासावर ताण नको. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या! हार इतका जाड होता की फोटोत मॅडमचे फक्त डोळे दिसत होते. ज्या गोष्टीसाठी त्या भांडल्या, ती त्यांच्याच नावाची पाटी लावून मोडायची, ही कल्पना ज्याला सुचली त्याला झोप कशी लागत असेल? मी इथे जाहीरपणे लिहिते आहे, बासरीवृंद जरूर काढा, बासरी काही वाईट नाही. पण त्याला मॅडमचं नाव देऊ नका.

चारेक दिवसांनी पितळी वाद्यं पोत्यांत भरायला सुरुवात झाली. मधल्या सुट्टीत समीक्षा ग्रंथालयात आली, युफोनियम धाकट्या भावंडासारखं कडेवर घेतलेलं. "मॅडम, सर म्हणाले, जमा कर."

"तुला करायचं आहे?"

तिने मान हलवली. नाही.

ग्रंथालयात जाड संदर्भग्रंथांचं एक काचेचं कपाट आहे. त्याचा खालचा कप्पा मी रिकामा केला. शाळेची वस्तू शाळेच्याच कपाटात आहे, यात कुणाला काही गैर वाटत असेल तर त्यांनी मला लेखी विचारावं. आता रोज मधल्या सुट्टीत समीक्षा येते, खिडकीजवळच्या बाकावर बसते आणि वाजवते. एकदा मुख्याध्यापक दारात आले. ग्रंथालयात हे काय, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "सर, ती तिचं दुसरं वाद्य शिकते आहे."

"पण आता शिकवणार कोण?"

समीक्षाने ओठ पुसले. "मॅडमनी चार सूर शिकवले आहेत, सर. ते आधी पक्के करते."

ते गेले. तिने पुन्हा वाजवायला घेतलं. चौथा सूर अजून लागत नाही, तो लावताना ती डोळे मिटते. सूर खालचा असला की कपाटाची काच थरथरते, आणि मग मला पुस्तक मिटून ऐकत बसावं लागतं. शेजारच्या वर्गातून तक्रार आली आहे, की ग्रंथालयात हल्ली फार आवाज होतो.

होतो.